पुरेसा पाऊस म्हणजे किती? सोलापूर, लंडन आणि जगाचा पर्जन्यनकाशा

मागच्या व्याख्यानात आपण वाऱ्यांपर्यंत येऊन थांबलो होतो. आज पाऊस. जगात तो कुठे किती पडतो, का पडतो, आणि एका ठिकाणी जो पाऊस भरपूर म्हणतात तोच दुसऱ्या ठिकाणी अपुरा का पडतो, हे आज पाहायचं आहे.

दोन शहरं घेऊ. लंडन आणि सोलापूर. लंडन म्हटलं की ढगाळ आभाळ, ओले रस्ते, प्रत्येकाच्या हातात छत्री असं चित्र डोळ्यांसमोर येतं. सोलापूर म्हटलं की रणरणतं ऊन आणि पाण्याचे टँकर. आता आकडे पाहू. लंडनचा वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ६०० मिलिमीटर. सोलापूरचा साधारण ७०० ते ७५०. म्हणजे ज्या सोलापूरला आपण अवर्षणग्रस्त म्हणतो तिथे लंडनपेक्षा शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस जास्तच पडतो. तरी लंडनच्या आसपास वर्षभर हिरवळ असते आणि सोलापुरात मार्चनंतर विहिरी तळ गाठतात. हे कसं? हा प्रश्न मनात ठेवूया. त्याचं उत्तर द्यायला आपल्याला जगभर एक चक्कर मारावी लागेल.

मिलिमीटर म्हणजे काय?

बातम्यांत आपण रोज ऐकतो, अमुक ठिकाणी इतके मिलिमीटर पाऊस झाला. मिलिमीटर हे लांबीचं माप, मग पाऊस त्यात कसा मोजायचा? कल्पना अशी की पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, उडून गेलं नाही, तर सपाट जमिनीवर किती उंचीचा थर साचेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर. हिशेब सोपा आहे, आणि तो डोक्यात बसला की पावसाच्या आकड्यांना वजन येतं.

२६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्या एका दिवसात जवळजवळ ८८ हजार लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे पावणेनऊ टँकर एकाच गच्चीवर ओतल्यासारखं. लंडनला इतका पाऊस पडायला दीड वर्ष लागतं. आणि त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याच्या वेधशाळेत फक्त ७३ मिलिमीटरच्या आसपास नोंद झाली. दोन्ही ठिकाणं एकाच शहरातली, मध्ये लोकलचा तासाभराचाही प्रवास नाही! पाऊस ही जागेला आणि वेळेला किती बांधलेली गोष्ट आहे, ते या एका उदाहरणातून कळतं.

आणखी एक. पाऊस हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण भूगोलात व्यापक शब्द आहे वृष्टी. पाऊस, हिम, गारा, हे सगळं वृष्टीत येतं. हिमाची मोजणी करताना ते वितळवून त्याचं किती पाणी होतं ते धरतात. साधारण दहा सेंटिमीटर भुसभुशीत हिम वितळलं की एक सेंटिमीटर पाणी, असा ढोबळ अंदाज आहे. म्हणूनच बर्फानं झाकलेला प्रदेश नकाशावर कोरडा दिसू शकतो. त्याकडे पुढे येऊच.

हवेतलं पाणी आणि त्याला खाली आणणारी युक्ती

आत्ता या क्षणी पृथ्वीच्या सगळ्या वातावरणात जेवढं बाष्प आहे ते सगळं एकदम पाडलं, तर पृथ्वीभर किती थर होईल? फक्त २५ मिलिमीटरच्या आसपास. इंचभर. आणि पृथ्वीवर वर्षभरात सरासरी वृष्टी होते ती सुमारे १००० मिलिमीटर. याचा अर्थ वातावरणातलं पाणी वर्षातून चाळीस वेळा संपतं आणि चाळीस वेळा भरतं. समुद्रातून उडालेला बाष्पाचा कण सरासरी नऊ दिवसांत पुन्हा खाली येतो. हवा ही पाण्याची टाकी नाही, ती पाण्याची वाहतूक आहे. ज्याच्या गावावरून गाडी जाते आणि ज्याच्या गावात ती रिकामी होते, त्याला पाऊस मिळतो.

गाडी रिकामी कशी होते? हवा थंड झाली की. गरम हवेत बाष्प जास्त मावतं, गार हवेत कमी. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हा सात टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागेल. उलट, हवा गार होत गेली की एका टप्प्यावर तिला बाष्प पेलवत नाही. तो दवबिंदू. मग सांद्रीभवन सुरू होतं, ढग बनतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर घाम येतो ना, तेच.

आणि हवा मोठ्या प्रमाणावर गार करायचा निसर्गाचा मुख्य मार्ग एकच: तिला वर उचलायचं. वर दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते आणि गार होते. कोरडी हवा किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंशांनी थंड होते. म्हणून जगात कुठेही पाऊस पडला की विचारायचा प्रश्न एकच. इथली हवा वर कोणी उचलली?

उत्तरं तीन, शाळेत आपण शिकलेलीच. तापलेल्या जमिनीवरची हवा स्वतःहून वर जाते तो आरोह पाऊस. आपला एप्रिल-मेमधला दुपारनंतरचा वळीव याच जातीचा. डोंगर आडवा आला म्हणून हवेला चढावं लागतं तो प्रतिरोध पाऊस. आणि उबदार हवा थंड हवेच्या अंगावर चढते किंवा कमी दाबाच्या क्षेत्राभोवती हवा गोळा होऊन वर जाते तो आवर्त पाऊस. लंडनचा बहुतेक पाऊस या तिसऱ्या जातीचा. अटलांटिकवरून एकामागून एक आवर्त येत राहतात, बाराही महिने. त्यामुळे तिथे पाऊस थोडा थोडा पण सारखा. वर्षातले शंभराहून जास्त दिवस भिजलेले, आणि प्रत्येक दिवशी सरासरी पाच-सहा मिलिमीटर. लंडन पावसाळी वाटतं ते यामुळे.

नागपूर आणि मक्का

आता जगाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर डोक्यावर. हवा तापते, वर जाते, रोज दुपारी गडगडाट आणि पाऊस. सिंगापूर घ्या. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि कोरडा म्हणावा असा एक महिना नाही. अमेझॉन आणि काँगोची जंगलं याच पट्ट्यात.

वर गेलेली ही हवा उंचावर उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे पसरते आणि साधारण तीस अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. खाली उतरणारी हवा दाबली जाते, गरम होते, आणि गरम हवेची तहान वाढते. ती बाष्प सोडत नाही, उलट शोषते. ढग तयार व्हायलाच जागा राहत नाही. सहारा, अरबस्तान, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग, दक्षिण आफ्रिकेतलं कालाहारी, सगळे याच उतरत्या हवेखाली आहेत. या चक्राला हॅडले चक्र म्हणतात. जॉर्ज हॅडले हे लंडनचे वकील. हवामानाचा अभ्यास हा त्यांचा छंद. १७३५ साली त्यांनी व्यापारी वाऱ्यांचा खुलासा करणारा निबंध लिहिला, त्यावरून हे नाव.

इथे एक गंमत पाहा. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मक्का शहरही जवळजवळ त्याच अक्षांशावर, २१ अंशांच्या थोडं वर. सूर्य दोघांना सारखाच. दोन्हीकडे उन्हाळा भाजून काढणारा. पण मक्केत वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस आणि नागपुरात हजाराच्या वर. नुसत्या अक्षांशाचा हिशेब लावला तर विदर्भही वाळवंटच व्हायला हवा होता. तो झाला नाही याचं कारण मोसमी वारे.

उन्हाळ्यात आशियाचा अवाढव्य भूभाग तापतो. तिबेटचं पठार तर चार-साडेचार किलोमीटर उंचीवर ठेवलेल्या शेगडीसारखं काम करतं. विषुववृत्ताजवळचा तो पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, आणि जुलैमध्ये थेट गंगेच्या मैदानापर्यंत पोहोचतो. त्याच्याकडे ओढले जाणारे दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन नैऋत्येकडून आपल्याकडे येतात. जगात दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी हा पट्टा इतका उत्तरेला जात नाही.

आणि इथे जे वर जातं ते कुठेतरी खाली उतरावंच लागतं. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलं की भारतीय मोसमी पावसातून जी उष्णता बाहेर पडते तिच्यामुळे पश्चिमेकडे, म्हणजे सहाराच्या पूर्व भागावर आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे, हवा अधिक जोमाने खाली उतरते. तिथला उन्हाळा आणखी कोरडा होतो. आपला पावसाळा आणि त्यांचा कोरडा उन्हाळा ही एकाच रहाटाची दोन टोकं आहेत, एक पोहरा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो.

डोंगराची अलीकडची आणि पलीकडची बाजू

पट्ट्यांचा हिशेब झाला. पण त्या एका पट्ट्याच्या आतही जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तो डोंगरांमुळे. त्यासाठी आपल्याला परदेशात जायची गरज नाही. महाबळेश्वरचा वार्षिक पाऊस साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर. तिथून पूर्वेला घाट उतरत निघा. पाचगणी लागते, अंतर वीस किलोमीटरच्या आत, पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास. पसरणीचा घाट उतरून वाईला या, पाऊस सात-आठशेवर येतो. आणखी पूर्वेला माण तालुक्यात गेलात तर पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, एसटीच्या अर्ध्या दिवसाच्या प्रवासात, दहापटीहून जास्त फरक. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना रिकामी होते आणि पलीकडे उतरताना गरम आणि कोरडी होते. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश. सोलापूर याच छायेत येतं.

हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर हेच चित्र आणखी दाट आहे. तिथल्या वायालेआले शिखरावर वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बेटाच्या आडोशाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाचशेच्या आसपास. तेच बेट, तोच समुद्र.

जगातला विक्रमी पाऊस मात्र आपल्या मेघालयात. मौसिनराम आणि चेरापुंजी, दोन्हीकडे वर्षाची सरासरी बारा हजार मिलिमीटरच्या जवळ. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत चेरापुंजीला २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. म्हणजे साडेसव्वीस मीटर, आठ-नऊ मजली इमारतीच्या उंचीचं पाणी. बंगालच्या उपसागरावरून आलेली हवा सपाट मैदानावरून सरळ येते आणि खासी टेकड्यांच्या भिंतीवर आदळते. एकदम उचलली जाते.

पण चेरापुंजीची दुसरी बाजूही ऐका. डिसेंबर-जानेवारीत तिथे पाऊस जवळजवळ नसतो, आणि तिथल्या बायाबापड्यांना प्यायच्या पाण्यासाठी दूर झऱ्यांपर्यंत जावं लागतं. मातीचा थर पातळ, खाली चुनखडक, कडा उभा. पडलेलं पाणी बांगलादेशाच्या मैदानात धावतं. जगातलं सगळ्यात ओलं गाव आणि हिवाळ्यात पाण्याची टंचाई! वर्षाची बेरीज आपल्याला किती फसवू शकते, हे इथे पहिल्यांदा लक्षात येतं.

समुद्र असूनही कोरडं

समुद्राजवळ पाऊस जास्त, असं आपल्याला कोकणामुळे वाटतं. आता चिलीच्या उत्तरेला आरिका नावाचं बंदर पाहा. अगदी पॅसिफिक महासागराच्या काठावर. तिथे पावसाची दीर्घकालीन सरासरी वर्षाला एक मिलिमीटरही भरत नाही. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८, सलग १७३ महिने तिथे पाऊस झाला नाही. चौदा वर्षांहून जास्त काळ. त्या काळात जन्मलेलं मूल शाळेत सातवी-आठवीत पोहोचेपर्यंत गावात पाऊस पाहणार नाही.

कारण काय? एक तर उतरती हवा. पूर्वेकडे अँडीज पर्वताची भिंत, त्यामुळे अमेझॉनकडचं बाष्प अडलेलं. आणि किनाऱ्यालगत हंबोल्ट हा थंड सागरी प्रवाह. थंड पाण्यावरची हवा खाली गार आणि वर उबदार, अशी उलटी रचना होते. गार हवा जड, ती वर उठतच नाही. बाष्प असतं, धुकंही दाट असतं, पण उचलणारं कोणी नाही. आफ्रिकेत नामिबच्या वाळवंटात बेंग्वेला प्रवाहामुळे हेच घडतं. चिलीतल्या चुंगुंगो नावाच्या कोळ्यांच्या वस्तीने १९९० च्या दशकात डोंगरावर जाळ्या उभारल्या आणि धुक्याचे थेंब गोळा करून पिण्याचं पाणी मिळवलं. हवेत पाणी आहे, फक्त पाऊस नाही, हे त्या लोकांनी प्रत्यक्ष वापरून दाखवलं.

आणि मघाशी म्हटलं ते बर्फाळ वाळवंट. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर वर्षाची वृष्टी पाण्याच्या हिशेबात ५० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. हवा इतकी थंड की तिच्यात बाष्पच मावत नाही. पडतं थोडं, पण वितळत नाही, म्हणून लाखो वर्षांत किलोमीटरभर जाडीचे थर साचले. कमी पाऊस म्हणजे कमी पाणी, हे समीकरणही इथे मोडतं.

सोलापूर कोरडं कसं ठरतं?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पाऊस पुरेसा आहे की नाही हे ठरवायचं कसं? यावर सगळ्यात उपयोगी विचार केला तो व्लादिमिर कोपेन यांनी. सेंट पीटर्सबर्गला जन्मलेले, जर्मनीत काम केलेले हे हवामानशास्त्रज्ञ मुळात वनस्पतींचे अभ्यासक. त्यांनी हवामानाचं वर्गीकरण केलं ते झाडाच्या नजरेने. झाडाला आकाशातून किती पाणी पडलं यात रस नाही. उन्हाने आणि वाऱ्याने नेल्यावर मुळाशी किती उरलं, यात आहे.

त्यांच्या पद्धतीचा एक सोपा हिशेब आहे. त्या ठिकाणचं वर्षाचं सरासरी तापमान घ्या, त्याला २० ने गुणा. पाऊस वर्षभर सारखा विभागला असेल तर त्यात १४० मिळवा. सत्तर टक्क्यांहून जास्त पाऊस वर्षाच्या उष्ण सहामाहीत पडत असेल तर २८० मिळवा, कारण तापलेल्या दिवसांत पडलेलं पाणी लवकर उडून जातं. थंड सहामाहीत पडत असेल तर काहीच मिळवू नका. येणारा आकडा ही त्या जागेची मर्यादा, मिलिमीटरमध्ये. पाऊस तिच्यापेक्षा कमी तर जागा कोरडी. निम्म्याहूनही कमी तर वाळवंट.

लंडन: सरासरी तापमान ११ अंश. अकरा वीसा २२०, अधिक १४०, झाले ३६०. पाऊस ६००. मर्यादेच्या कितीतरी वर. लंडन ओलं.

सोलापूर: सरासरी तापमान २७ अंश. २७ गुणिले २० म्हणजे ५४०, अधिक २८०, झाले ८२०. पाऊस ७०० ते ७५०. मर्यादेच्या खाली. सोलापूर निमकोरडं.

हे गणित घरी आपापल्या गावासाठी करून पाहा. नागपूरची मर्यादा सोलापूरइतकीच येते, पण पाऊस हजाराच्या वर, म्हणून नागपूर ओल्या बाजूला.

थंड सहामाहीतल्या पावसाला मर्यादा कमी का, याचं उत्तर भूमध्य समुद्राच्या काठी मिळतं. अथेन्सला वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस, पण तो पडतो हिवाळ्यात, ऊन कोवळं असताना. ते पाणी जमिनीत मुरतं. उन्हाळा कोरडा ठणठणीत, पण ऑलिव्ह आणि द्राक्षवेलीची मुळं खोल जाऊन हिवाळ्याची ओल शोधतात.

आपल्याकडच्या शेतकऱ्यानेही असंच उत्तर शोधलं आहे. सोलापूर भागात पावसाचा खरा जोर सप्टेंबरमध्ये. काळी, खोल, चिकण माती ते पाणी धरून ठेवते. मग वाफसा आला की रब्बीची ज्वारी पेरायची आणि थंडीच्या दिवसांत, जेव्हा बाष्पीभवन कमी असतं, तेव्हा त्या साठलेल्या ओलीवर पीक काढायचं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पावसाच्या पाण्यावर नाही, पावसाच्या आठवणीवर वाढते असं म्हटलं तरी चालेल. कोपेन यांचं सूत्र कोणाला माहीत नसतानाही त्यातला अर्थ इथल्या लोकांना माहीत होता.

सरासरी आणि पेरणी

आता शेवटचा, आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सरासरी. आपल्या देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस सुमारे ८७० मिलिमीटर. संपूर्ण देशाचा आकडा वर्षागणिक फार हलत नाही, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. २००९ मध्ये तो सरासरीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी झाला, २०१५ मध्ये १४ टक्के, आणि दोन्ही वर्षी हाहाकार उडाला. पण जसजसं आपण कोरड्या प्रदेशाकडे जातो तसतसा पाऊस नुसता कमी होत नाही, बेभरवशाचाही होतो. जगभर हाच नियम दिसतो. आफ्रिकेतला साहेल पट्टा, ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग, आपला मराठवाडा. ज्याला चूक परवडत नाही, त्याच्याच वाट्याला लहरी पाऊस.

हवामान खात्याच्या व्याख्येत सरासरीच्या उणे-अधिक १९ टक्क्यांपर्यंतचा पाऊस सामान्य धरला जातो. व्याख्या म्हणून ती ठीक आहे. पण कल्पना करा, एका तालुक्यात दोन वर्षं जून ते सप्टेंबर बरोबर ५०० मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या वर्षी मृगात सुरुवात झाली, मग दर आठ-दहा दिवसांनी सर येत राहिली. दुसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात जोरदार पाऊस झाला, लोकांनी पेरलं, आणि मग पावसाने पंचवीस दिवस ओढ दिली. कोंब करपले. कर्ज काढून पुन्हा बियाणं आणलं, दुबार पेरणी केली. मग सप्टेंबरच्या शेवटी चार दिवसांत दोनशे मिलिमीटर कोसळला आणि काढणीला आलेलं उडीद-मूग शेतातच काळं पडलं. कागदावर दोन्ही वर्षं सारखी. दोन्ही वर्षं सामान्य. घरात मात्र एक वर्ष लग्नाचं आणि एक वर्ष सावकाराचं.

म्हणून पावसाचा प्रश्न विचारताना चार गोष्टी विचारायच्या. किती पडला, केव्हा पडला, किती दिवसांत पडला, आणि दोन सरींच्या मध्ये खंड किती होता.

आता तो सात टक्क्यांचा आकडा. पृथ्वीचं तापमान वाढतं आहे, म्हणजे हवेची पिशवी मोठी होते आहे. मोठी पिशवी भरायला वेळ लागतो, आणि ती फुटली की जास्त सांडतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जगभरातल्या केंद्रांवर वर्षाच्या निम्मी वृष्टी आत्ताच साधारण बारा दिवसांत होते, आणि तापमानवाढीबरोबर हे दिवस आणखी कमी होण्याकडे कल आहे. मध्य भारताबाबत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. सरासरी तीच राहूनही पाऊस बदलू शकतो. मघाचं दुसरं वर्ष अधिक वेळा येऊ शकतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*एका ताईंनी विचारलं: झाडं लावली की पाऊस वाढतो का?*

अमेझॉनसारख्या अफाट जंगलाबाबत हो. तिथली झाडं जमिनीतलं पाणी पानांवाटे हवेत सोडतात आणि तेच पाणी पुढे पुन्हा पाऊस होऊन पडतं. पण आपल्या गावच्या टेकडीवर हजार झाडं लावली म्हणून ढग थांबणार नाही. झाडं दुसरं मोठं काम करतात. पडलेला थेंब पळू देत नाहीत, मुरवतात. चेरापुंजीची गोष्ट आठवा. तेवढ्यासाठीही ती लावायलाच हवीत.

*दुसरा प्रश्न: एल निनो आला की आपल्याकडे दुष्काळ ठरलेलाच का?*

ठरलेला नाही. एल निनोत पॅसिफिकचं उबदार पाणी पूर्वेकडे सरकतं, त्याबरोबर वर जाणाऱ्या हवेची जागाही सरकते आणि आपल्याकडे हवा वर जाण्याऐवजी उतरण्याचा कल वाढतो. २००९ आणि २०१५ ही दोन्ही एल निनोची वर्षं होती. पण १९९७ साली फार मोठा एल निनो असूनही भारतात पाऊस सामान्य झाला. धोका वाढतो, इतकंच खात्रीने म्हणता येतं.

*तिसरा प्रश्न एका शेतकरी श्रोत्यांचा: आमच्या गावचा पाऊस तालुक्याच्या आकड्याशी जुळत नाही, मग आम्ही काय धरायचं?*

तुमच्या गावचा धरा. कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यात एका दिवसात बारा-तेरापट फरक पडू शकतो, तर तुमच्या शिवारात आणि तालुक्याच्या ठिकाणी का पडणार नाही? साधा पर्जन्यमापक फार महाग नसतो. उघड्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून लांब बसवा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तुम्हीही त्याच वेळी घ्या. अडीच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तो पावसाचा दिवस धरा. आकड्याशेजारी एक रकाना ठेवा, त्यात शेवटच्या पावसाला किती दिवस झाले ते लिहा. पाच-सात वर्षांनी तुमच्या हातात अशी वही असेल जी कुठल्याही कचेरीत मिळणार नाही, आणि पेरायचं की थांबायचं हे ठरवताना तिचा उपयोग होईल.

आज इथे थांबूया. पुढच्या व्याख्यानात पडलेल्या पावसाचं पुढे काय होतं, म्हणजे भूजल आणि नद्या, याकडे वळू. येताना आपापल्या गावचा पाऊस आणि सरासरी तापमान शोधून आणा. कोपेन यांचं गणित आपण सगळ्या गावांसाठी एकत्र मांडून पाहू.